लेहचा रस्ता आणि आमची कबुली

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्यांवर चप्पल घालीत होतो. तेवढ्यात आमच्याच चाळीतल्या एक ताई जवळ आल्या. त्यांचे यजमान महापालिकेच्या सफाई खात्यात होते. निवृत्तीला चार वर्षे असतानाच ते गेले. घरात म्हातारी सासू, लग्नाची मुलगी आणि एक मुलगा. मुलगा एका खाजगी गोदामात कामाला. त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतलेली.

"जयभीम भाऊ," ताई म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय, एकट्यानं गाडी घेऊन लेह-लडाखला जातो. माझ्या तर पोटात गोळाच आला. तुम्ही जाऊन आलेला आहात. तुमचं तो ऐकंल. त्याला जरा समजवा."

'तुम्ही जाऊन आलेला आहात.' हे वाक्य आम्हांला टोचले. का टोचले, ते पुढे सांगतो.

मुलाचे म्हणणे

संध्याकाळी मुलगा आमच्या खोलीवर आला. हातात राहुल सांकृत्यायन यांचे 'घुमक्कड शास्त्र'. आम्हीच ते विहाराच्या वाचनालयाला दिले होते. म्हणजे पोरगा आमचेच हत्यार घेऊन आमच्याशी भांडायला आला होता!

आम्ही विचारले, "एकटाच का? चारजण मिळून जा."

तो म्हणाला, "काका, पैसेवाल्यांची पोरं दहा-दहाच्या घोळक्यानं जातात. मागं गाडी असते, मिस्त्री असतो, डॉक्टर असतो. ते आपल्याला झेपत नाही. माझ्या दोस्तांना एकाच वेळी पंधरा दिवसांची रजा कोण देणार? परवडेल ते एकट्यानंच."

मग थोडा थांबून म्हणाला, "आपली माणसं आजवर फिरली ती पोटासाठी. ऊसतोडीला, गिरणीत, धरणाच्या कामावर. माझा आजा तसाच आला मुंबईत. मला एकदा हौसेनं फिरायचंय."

वाचकहो, याला काय उत्तर द्यावे? 'तुझी हौस पुरे, घरी बस' असे आम्ही म्हणू शकलो नाही. त्याला खाली बसवले, चहा दिला आणि आठ वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट त्याच्यापुढे मांडली. ती सांगण्याआधी रस्ता कसा आहे ते सांगितले पाहिजे.

रस्ता कसा आहे

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची सुमारे 5,400 फूट. मनाली हे गावच 6,700 फुटांवर आहे. तिथून लेहकडे जाताना बारालाचा खिंड लागते, ती सुमारे 16,000 फुटांवर. पुढे लाचुलुंग साडेसोळा हजारांच्या वर आणि तांगलांग साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे एकावर एक तीन कळसूबाया रचाव्यात आणि त्यावरून गाडी न्यावी!

3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरच्या या बोगद्यामुळे रोहतांग खिंड चढायची गरज राहिली नाही. त्यापूर्वी रोहतांगच्या चिखलातच निम्मा जीव जाई. परंतु बोगद्यापलीकडचा डोंगर आहे तसाच आहे. केलाँगच्या अलीकडे तांदी येथे पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप 365 किलोमीटरवर, असा फलक तिथे वर्षानुवर्षे उभा होता. दारच्यानंतर गाव म्हणावे असे काही नाही. उन्हाळ्यापुरते उभारलेले तंबूंचे ढाबे, लष्कराच्या छावण्या आणि रस्त्यावरचे मजूर, एवढीच मनुष्यवस्ती.

दरीची भीती सर्वांना वाटते, कारण दरी डोळ्यांना दिसते. विरळ हवा दिसत नाही. सोळा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा होतो. श्वास तोच, पण प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्माच. माणसाचे शरीर याला सरावते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डॉक्टर लोक सांगतात की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा दीड हजार फुटांहून जास्त उंच करू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम करावा. दिवसा खिंड चढून पलीकडे उतरलो तर तेवढे बिघडत नाही. झोपतो कुठे, याला महत्त्व आहे.

आता मनालीच्या रस्त्याचा हिशेब पाहा. केलाँग आणि जिस्पा साधारण दहा-साडेदहा हजार फुटांवर. पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू, चौदा हजार फुटांवर. एका दिवसात साडेतीन हजार फुटांची उडी! शिवाय सरचू दोन खिंडींच्या मध्ये आहे. तिथे आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायचे तर आधी सोळा हजार फुटांवर चढवावे लागते, मग मागे न्या की पुढे न्या. हा हिशेब आम्ही बी. कॉम. झालेल्या माणसाने करायला हवा होता. आम्ही तो केला नाही.

आमची 2016 ची सफर

2016 च्या जुलैत आम्ही निघालो. वय छत्तीस, गाडी जुनी, दीडशे सीसीची. टाकीतले पेट्रोल काढून, गाडी गोणपाटात बांधून रेल्वे पार्सलने चंदीगडला नेली. कार्यालयातून बारा दिवसांची रजा मिळालेली, परतीचे तिकीट काढलेले. त्या तिकिटानेच आमचा घात केला. एकेक दिवस मोजून ठेवला होता. सरावासाठी म्हणून एकही दिवस राखला नव्हता.

केलाँगहून निघायला सकाळचे दहा वाजले. साखळी सैल झाली होती, ती ताणून घेण्यात वेळ गेला. झिंगझिंगबारच्या ओढ्यावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन. हे ओढे बर्फ वितळून वाहतात. रात्री थंडीने बर्फ धरून राहते, म्हणून पहाटे पाणी घोट्याएवढे असते. दिवसभर ऊन लागले की वरचे बर्फ सुटते आणि दुपारी त्याच ओढ्याला मांडीएवढे पाणी येते. आम्हांला हे ठाऊक नव्हते. गाडी पाण्यात घातली, गुळगुळीत गोट्यावरून चाक घसरले आणि आम्ही गाडीसकट आडवे झालो. पाणी असे थंड की ओरडायलाही श्वास पुरेना.

रस्त्यावर काम करणारे तिघे मजूर धावत आले. डांबराने माखलेले हात, तोंडाला फडके. त्यांनी आधी आम्हांला ओढून काढले, मग गाडी काढली. त्यांच्या तंबूत शेगडीपाशी बसवून चहा पाजला. त्यांतले दोघे झारखंडच्या दुमका जिल्ह्यातले, एक नेपाळचा. वयाने मोठा होता तो म्हणाला, "भैया, आज आगे मत जाओ. यहीं से नीचे लौट जाओ, कल सवेरे आना." आमचे बूट भिजलेले, दात वाजत होते. तरी आम्ही ऐकले नाही. मनात म्हटले, मजुराला काय कळते! बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार आला, याची आजही लाज वाटते.

बारालाचाच्या माथ्यावर चक्कर येत होती. तरी एका प्रवाशाकडून फलकापुढे फोटो काढून घेतला. अंधार पडता पडता सरचूला पोचलो.

सरचूची रात्र

रात्री जेवण नको वाटले. डोके घणाचे घाव बसावेत तसे दुखत होते. दोनदा उलटी झाली. थंडी बाधली असेल असे समजून चार रजया घेऊन पडलो. पहाटे लघवीला उठलो तर पाऊल एकीकडे टाकावे आणि पडावे दुसरीकडे. ढाब्याचा मालक लाहौलचा माणूस. त्याने आम्हांला तंबूच्या दोरीच्या रेषेत सरळ चालून दाखवायला सांगितले. आम्हांला चालता आले नाही. दारू प्यायलेल्या माणसासारखे झोकांडे जात होते.

हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण आहे, हे आम्हांला नंतर डॉक्टरांनी सांगितले. दुसरा असाच जीवघेणा प्रकार छातीचा. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, मग फेस येतो, ओठ निळे पडतात. दोन्हींत खाली उतरवणे हाच खरा इलाज. प्राणवायू आणि औषध यांनी थोडा वेळ मिळतो, एवढेच. उशीर झाला तर धडधाकट माणूसही एका रात्रीत जातो.

ढाबेवाल्याने वेळ घालवला नाही. लेहहून रिकामा परतणारा ट्रक थांबवला आणि आम्हांला चालकाजवळ बसवले. बारालाचा पुन्हा चढताना क्लिनर आमच्या गालावर चापट्या मारून आम्हांला जागे ठेवीत होता. केलाँगच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायू लावला. दोन दिवसांनी माणसात आलो. ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी ढाबेवाल्याने आमची गाडीही दुसऱ्या ट्रकवर चढवून खाली पाठवून दिली.

आम्ही लेह पाहिलेच नाही. तिथूनच घरी परतलो.

सत्कार

घरी आलो तो फोटो चाळीत आधीच फिरलेला. फलकावरची अक्षरे कोण वाचतो? सर्वांनी धरून चालले की आम्ही लेह करून आलो. विहारात सत्कार झाला, शाल मिळाली, मुलांपुढे आमचा दाखला दिला गेला. 'आम्ही अर्ध्यातून परतलो' हे तीन शब्द तेव्हा तोंडातून निघाले नाहीत. आज सांगू, उद्या सांगू म्हणता आठ वर्षे गेली. आणि त्याच फोटोकडे बघत हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

हे सर्व ऐकून तो बराच वेळ गप्प होता. आम्हांला वाटले, आता हा हसेल. तो म्हणाला, "काका, मग मी परत फिरायची तयारी ठेवूनच गेलो तर?"

आम्ही म्हणालो, "तसा जाणार असशील तर तुझ्या आईशी आम्ही बोलतो."

आणि त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवून आणखी एक सांगितले. राहुलजी 1929 साली नेपाळमार्गे वेष पालटून तिबेटात गेले. पण त्या वाटेवर त्यांच्यासोबत एक मंगोल भिक्षू होता आणि रात्री निवारा मिळत होता तो अनोळखी लोकांच्या घरात. एकटा फिरणाराही दुसऱ्याच्या चुलीवरच जगतो. ही गोष्ट ज्याला मान्य नाही त्याने डोंगरात जाऊ नये.

रस्ता करणारे हात

हे हात कोणाचे, ते आपल्या वाचकांना कळलेच पाहिजे. सीमेवरचे रस्ते बांधणारी सीमा सडक संघटना 7 मे 1960 रोजी स्थापन झाली. मनालीकडचा भाग तिच्या 'दीपक' प्रकल्पाकडे, तर लडाखमधले बरेच रस्ते 1985 पासून 'हिमांक' प्रकल्पाकडे आहेत. हिवाळ्यात हा रस्ता बर्फाखाली गाडला जातो. दर वर्षी तो खणून काढायचा, दरडी हटवायच्या, डांबर तापवून पुन्हा टाकायचे. हे काम अधिकारी, यंत्रचालक यांच्याबरोबर हजारो रोजंदारी मजूर करतात. झारखंड, बिहार, नेपाळ इथली ही माणसे. ज्या उंचीवर आपल्याला बुटाची नाडी बांधताना धाप लागते, तिथे ती दिवसभर दगड फोडतात.

2020 च्या टाळेबंदीत हे मजूर लडाखमध्ये अडकले. काहींना विमानाने रांचीला आणले गेले. पुढे रस्त्यांचे काम अडले तेव्हा मजुरांच्या हक्कांबाबत झारखंड सरकार आणि सीमा सडक संघटना यांच्यात बोलणी झाली आणि जून 2020 मध्ये दुमक्याहून मजुरांची खास रेल्वेगाडी सुटली. खिंडीच्या माथ्यावर उंचीचा फलक असतो, त्याच्याजवळ सर्वजण फोटो काढतात. तो रस्ता करणाऱ्याचे नाव त्या फलकावर नसते.

जाणाऱ्याने आणि घरच्यांनी

आमच्या चुकांवरून मुलासाठी जी यादी केली, ती इथे देतो. कोणाच्या मुलाला वा मुलीला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वाटेची. प्रथमच जाणाऱ्याने श्रीनगरकडून जावे. जोजिला साडेअकरा हजार फूट, मग कारगिलला पावणेनऊ हजारांवर मुक्काम. पुढे साडेतेरा हजारांची फोतूला ओलांडून साडेअकरा हजारांवरच्या लेहला उतरायचे. तिथे दोन दिवस नुसता आराम. शरीर सरावले की मग मनालीच्या वाटेने परत यावे. निघण्याआधी त्या भागातली परिस्थिती आणि रस्ता सुरू आहे की नाही, याची चौकशी करावी.

दुसरी वेळेची. जुलै-ऑगस्टात लडाखात पाऊस कमी असला तरी कुलू-मंडीकडे दरडी कोसळतात. 25 जुलै 2021 रोजी किन्नौरमध्ये बटसेरीजवळ डोंगरावरून दगड आले आणि नऊ पर्यटक गेले. जुलै 2023 मध्ये चंद्रतालला अवेळी बर्फ पडून सुमारे तीनशे लोक अडकले होते. सप्टेंबर बरा. आणि रजेत दोन दिवस रिकामे ठेवावेत. तिकिटाच्या घाईने माणूस नको तिथे गाडी घालतो. ओढे सकाळीच ओलांडावेत, अंधारात गाडी चालवू नये.

तिसरी गाडीची. माणसासारखीच गाडीही विरळ हवेत दमते. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त होऊन ती काळा धूर ओकते. नव्या इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण आपोआप सांभाळतात, पण ताकद त्यांचीही कमी होते. तेव्हा सामान कमी न्यावे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, प्लग, ट्यूब, पंक्चरचे सामान, हवेचा पंप आणि पाच लिटर जादा पेट्रोल जवळ असावे. पंक्चर काढायला घरीच शिकून घ्यावे. दोन जोड मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवावेत.

चौथी देहाची. डोके दुखले तर पुढे चढायचे नाही. औषध घेऊनही थांबले नाही, उलटी झाली, तोल गेला, तर तत्काळ खाली. दारू-सिगारेट नको. उंचीसाठी गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर आधी तपासणी करावी.

पाचवी घरची. कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, हे कागदावर लिहून घरात लावावे. बाहेरचे प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, म्हणून पोस्टपेड घ्यावे. तरीही लांबच लांब पट्ट्यात फोन लागत नाही. तेव्हा 'या दिवशी रात्रीपर्यंत फोन आला नाही तर काळजी करू नका, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंतही आला नाही तर पोलिसांना कळवा,' असे आधीच ठरवावे. अपघात विमा उतरवावा. आणि घरच्यांनी त्याला निघताना एवढे जरूर सांगावे की तू अर्ध्यातून परत आलास तरी तुला कोणी हसणार नाही.

ताईंना हे शेवटचे पटले. मुलाला त्या म्हणाल्या, "तुझा बाप पुढं गेला तो परत आला नाही. तू मागं फिर, पण ये."

मुलगा गेला आणि आला

सप्टेंबर 2024 मध्ये तो निघाला. गाडी रेल्वेने जम्मूला नेली. कारगिलहून फोन आला, लामायुरूची गोंपा पाहिल्याचा फोन लेहहून आला. लेहमध्ये दोन दिवस त्याने थिकसे आणि हेमिस सावकाश पाहिले. तिथे मणी भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते, हे एका आजोबांनी शिकवल्याचे त्याने कौतुकाने सांगितले. मग दीड दिवस फोन नाही. ताई रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभ्या राहत. बोलत काहीच नसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी केलाँगहून फोन आला. त्याने सरचूलाच रात्र काढली होती. "काका, गाढ झोपलो. डोकंसुद्धा दुखलं नाही." जिथे आमचा जीव जायची वेळ आली होती, तिथे पोरगा घोरत पडला होता! हिशेब नीट केल्याचा हा फरक.

निघताना आम्ही त्याच्याजवळ लोकरी हातमोजांचे दहा जोड दिले होते. झिंगझिंगबारला त्याने ते रस्त्यावरच्या मजुरांना दिले. आमचे ते तिघे भेटणे शक्यच नव्हते. दुसरेच कोणी होते, पण गाव विचारले तर एकाने दुमकाच सांगितले.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या समाप्तीचा कार्यक्रम झाला. मुलाचा सत्कार ठरला होता. त्याआधी आम्ही दोन मिनिटे मागून घेतली आणि 2016 साली आम्ही लेहला पोचलोच नव्हतो, हे सर्वांसमोर सांगितले. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ, गिरणीतून निवृत्त झालेले, म्हणाले, "जिवंत परत आलात, म्हणून तर आज सांगताय. बसा खाली."

मुलाने आईसाठी पाच रंगांच्या पताकांची माळ आणली होती. ती आता त्यांच्या खोलीच्या दारावर आहे. गाडीचे हप्ते अजून चालूच आहेत. आणि ताई आता विचारतात, "भाऊ, पोरीलाबी गाडी शिकवावी म्हणते, कशी काय?"